पंधरा लिटर रक्त

२०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी, मी पुण्यातली खोली बंद करून गावी आलो. गाव साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगरात. मोबाइलला धड रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ मिळते, त्यामुळे पुढचं दीड वर्ष मी टाकीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून एका परदेशी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत होतो. त्या उन्हाळ्यात रक्तदान शिबिरं बंद पडली होती आणि रक्तपेढ्यांतला साठा संपत आल्याच्या बातम्या रोज येत होत्या. इंजिनियर माणसाला असं काही दिसलं की तो यादी करतो. मीही केली. आसपासच्या अकरा वाड्यांतले २१४ जण, त्यांचे रक्तगट, फोन, आणि मागचं रक्तदान कधी केलं ती तारीख. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस जाऊ द्यावे लागतात, बाईला १२०. ते मोजून, जो आज रक्त देऊ शकतो त्याचं नाव हिरवं दिसेल असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

सप्टेंबरात एका रात्री दोन वाजता फोन आला. तालुक्याच्या गावी एक बाळंतीण अडली होती, बी पॉझिटिव्ह रक्त हवं होतं. प्रोग्रॅमनं अर्ध्या सेकंदात नऊ हिरवी नावं काढून दिली. त्यातल्या दोघांना मी झोपेतून उठवलं. पोरं भर पावसात मोटारसायकलवरून पाऊण तासात दवाखान्यात पोचली. तिथल्या डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ‘माणसं कशाला पाठवलीत? मला पिशवी पाहिजे,’ असं त्या मला फोनवर म्हणाल्या. बाळंतिणीला १०८ च्या गाडीतून कराडला नेलं. ती वाचली. पोरं पहाटे परत आली, जसंच्या तसं रक्त अंगात घेऊन.

सकाळी चहा पिताना मी हे घरात सांगितलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘तुझ्या वेळेला असं नव्हतं. तात्यानं बाकड्यावर झोपून रक्त दिलं होतं.’

माझा जन्म १९९७ च्या ऑगस्टमधला. आईला अंगावरून इतकं गेलं की तिची नखं पांढरी पडली होती. तालुक्याच्या गावी एकच सर्जन होते. त्यांनी काचेच्या पट्टीवर घरातल्या सगळ्यांचे रक्तगट तपासले. तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, आईशी जुळला. डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून पाहिले, गुठळी होत नाही याची खात्री केली, तात्यांना पडवीतल्या बाकड्यावर झोपवलं आणि निघालेली पिशवी तशीच गरम-गरम आत नेऊन आईला लावली. तात्या नुकतेच फौजेतून पेन्शनवर आले होते. रक्त देण्याची भीती त्यांची तिथेच मोडली होती. माझी आई थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. त्या दिवसानंतर आजीनं तिला तात्यांना राखी बांधायला लावलं. अजून बांधते.

१९९७ साली ज्या माणसाचं रक्त चाललं, तसाच माणूस २०२० मध्ये का चालला नाही? याचं उत्तर शोधायला मी बसलो, ते आमच्या डोंगरातून थेट चीनच्या डोंगरात गेलो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. शांतारामबापूंच्या सिनेमामुळे त्यांचं नाव आपल्याकडे घरोघरी गेलं. ज्या रुग्णालयाचे ते पुढे प्रमुख झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून यांचं. हे बेथ्यून कॅनडाचे सर्जन. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६ च्या अखेरीस, त्यांनी माद्रिदमध्ये बाटल्यांत भरलेलं रक्त गाडीतून आघाडीवर पोचवायची व्यवस्था उभारली होती. १९३८ मध्ये ते चीनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात गेले. तिथे ना गाडी, ना वीज, ना शीतपेटी. बाटलीची सगळी विद्या तिथे फुकट होती. मग त्यांनी बाटली सोडून दिली आणि माणसं धरली. रक्त दिल्यानं माणूस मरत नाही हे दाखवायला सगळ्यांसमोर स्वतःचं रक्त जखमी सैनिकाला दिलं आणि खेड्यातल्या लोकांची एक तुकडी बांधली. गट आधीच तपासलेले. निरोप आला की दात्यानं यायचं आणि जखमीशेजारी आडवं व्हायचं. कोटणीस त्या भागात पोचले तोवर बेथ्यून वारले होते, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून. पण खेड्यानं आपलं रक्त आपल्यातच साठवून ठेवायचं, ही कल्पना तिथे रुजली होती. टाकीखाली बसून मी केलेली यादी म्हणजे तीच तुकडी होती. फक्त ८२ वर्षं उशिरा आलेली.

रक्त बाटलीत जाण्याआधी सगळीकडे असंच चालायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर दात्याची धमनी रुग्णाच्या शिरेला अक्षरशः शिवत. लँडस्टायनरनं रक्तगट शोधले तरी रक्त बाहेर आलं की गोठायचंच. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळलं तर ते गोठत नाही हे बेल्जियम, अर्जेंटिना आणि न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवलं, आणि दाता व रुग्ण यांनी एका खोलीत असण्याची गरज संपली. १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी साठा करून ठेवण्याच्या जागेला ‘बँक’ म्हटलं. आपण त्याचं ‘पेढी’ केलं. शब्द अगदी चपखल आहे. पेढी बाजारपेठेच्या गावी असते, आणि ज्याला तिथवर जाता येतं त्याच्याच ती कामी येते.

मुंबईत लीला मुळगावकरांनी १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाचं काम सुरू केलं. त्या काळी शहरात रक्त मुख्यतः विकत मिळायचं. पोट भरायला रक्त विकणारी माणसं रुग्णालयांच्या आसपास असत. पैसे न घेता अनोळखी माणसासाठी रक्त द्या, असं सांगत फिरणं म्हणजे तेव्हा वेडेपणाच. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे यजमान सुमंत मुळगावकर, टेल्कोचे. टाटा सुमो या गाडीचं नाव त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं. ही माहिती इथे उगाच दिलेली नाही, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आमच्याकडे रक्तदान यायला आणखी तीसेक वर्षं गेली. एक तर आपल्या भाषेत रक्त ही खर्च करायची वस्तूच नाही. ते आटवतात, त्याचं पाणी करतात, ते रक्ताच्या नात्यात असतं. परक्याला द्यायचं असतं असं कुठेच नाही. रक्त काढलं की नांगर धरायची ताकद जाते, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. शिवाय ‘शिबिर’ या शब्दालाच डाग लागलेला होता. आण्णा सांगतात की आणीबाणीत नसबंदीची शिबिरं झाली, तेव्हा सरकारी जीप दिसली की गडी माणसं रानात पळायची. त्यामुळे १९८९ साली गणेश मंडळानं शाळेच्या दोन खोल्यांत पहिलं रक्तदान शिबिर घेतलं, तेव्हा सत्तर-ऐंशी माणसं जमली आणि रक्त सात जणांनी दिलं. बाकीचे निळं पाणी बघायला आले होते. हिमोग्लोबिन तपासायला बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला की माणूस पास, तरंगला की नापास. आण्णांचा बुडाला होता. ते अजून सांगतात, मार्कशीट दाखवावी तसं.

दर वर्षी आकडा वाढत गेला. सातचे एकवीस झाले, मग चाळीस. कराडहून गाडी यायची, खाटा मांडल्या जायच्या, केळं-बिस्किट-चहा व्हायचा, संध्याकाळी गाडी पिशव्या घेऊन जायची. ही गाडी आपल्याला काही देऊन जात नाही, हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. कारण गावाची वेळ आली की तालुक्याचे डॉक्टर बाकडं पुढे ओढायचे.

इकडे दिल्लीत वेगळीच गोष्ट चालली होती. १९९० मध्ये केंद्र सरकारनं ए. एफ. फर्ग्युसन या सल्लागार कंपनीकडून देशातल्या रक्तपेढ्यांची पाहणी करून घेतली. १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना निघाल्या. रक्ताची एचआयव्ही चाचणी बंधनकारक होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रक्त विकणारा माणूस आजार लपवतो, कारण खरं सांगितलं तर त्या दिवशीची भाकरी जाते. एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा नेमायच्या, पेढ्यांना परवाना सक्तीचा, आणि दोन वर्षांत रक्ताची विक्री पूर्ण बंद. १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. हा निकाल मी तीनदा वाचला. त्यात मला चूक सापडली नाही. त्यानं किती माणसं वाचवली असतील याचा हिशेब लावता येत नाही, पण ती वाचली आहेत.

मग १९९९ मध्ये नियम कडक झाले. कायद्याच्या लेखी रक्त हे औषध आहे आणि रक्तपेढी हा औषधाचा कारखाना. कारखान्याला किमान १०० चौरस मीटर जागा, वातानुकूलित खोल्या, ठरलेल्या पात्रतेचे डॉक्टर आणि तंत्रज्ञ, पाच रोगांच्या चाचण्या. परवाना नसेल तर रक्त काढायचं नाही. या वाक्यात रक्त विकत घेणारा शहरातला दलाल सापडला, आणि पडवीत बाकडं टाकणारे आमचे सर्जनही सापडले. ग्रामीण सर्जनांच्या संघटनेनं तेव्हापासून सरकारकडे मागणी लावून धरली आहे की पेढी दूर असेल तिथे, आणीबाणीच्या वेळी, तपासून थेट रक्त देण्याची मुभा द्या. सैन्याला ती आहे. सीमेवरच्या आणि आडबाजूच्या लष्करी रुग्णालयांना या परवान्यातून सूट आहे. आमच्या गावातली वीसेक माणसं फौजेत आहेत. त्यांच्यातल्या एकाला सीमेवर शेजारच्या खाटेवरच्या जवानाला रक्त देता येतं. सुट्टीवर घरी आल्यावर बायकोला देता येत नाही.

२००२ च्या जुलैमध्ये काकी बाळंत झाली. काकी म्हणजे तात्यांची बायको. पोरगी चांगली होती, पण वार अडकली आणि रक्त थांबेना. दवाखाना तोच, डॉक्टर तेच. पाच वर्षांत बदललं होतं ते एवढंच, की मधल्या काळात जिल्ह्याहून तपासणी होऊन गेली होती आणि पुन्हा रक्त काढलं तर दवाखाना बंद होईल असं त्यांना बजावलेलं होतं. त्यांनी वार काढली, सलाइन लावलं, आणि म्हणाले, ताबडतोब कराडला हलवा. अँब्युलन्स नव्हती. वडापची एक सुमो उभी होती, तिची मधली सीट काढून काकीला झोपवलं. बरोबर आण्णा, शेजारचा एक पोरगा आणि शाळेतले एक गुरुजी बसले, कारण तिघांचेही गट काकीशी जुळत होते. डॉक्टरांनीच तपासून दिले होते, कराडला वेळ जायला नको म्हणून. तात्या पुढे ड्रायव्हरशेजारी. त्यांचा गट जुळत नव्हता. रस्ता बावन्न किलोमीटर, पावसात दोन तास.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्या गाडीत, काकीपासून हाताच्या अंतरावर, तिला चालणारं पंधरा लिटर रक्त बसलेलं होतं. तिला त्यातलं दीड लिटर पुरलं असतं. पाऊण रस्ता झाल्यावर आण्णांच्या मांडीवर तिचं डोकं जड झालं.

मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. मला आठवतं ते फक्त अंगणात उलट्या ठेवलेल्या चपला. वरची सगळी हकीकत मला तेवीस वर्षांचा झाल्यावर कळली, तीही माझ्या प्रोग्रॅममुळे.

२०२२ मध्ये मी त्या डॉक्टरांना भेटायला गेलो. आता दवाखाना मुलगा चालवतो. मला वाटलं होतं ते नियमांना शिव्या घालतील. त्यांनी घातल्या नाहीत. म्हणाले, ‘तुझ्या आईला मी रक्त दिलं, त्याच्या आदल्या वर्षी अजून एकीला दिलं होतं. तिच्या दिराचंच. चार महिन्यांनी तिला कावीळ झाली. रक्तातनंच गेली असणार. तेव्हा माझ्याकडे कसल्या टेस्ट होत्या? गट बघायचो, तोंडाकडे बघायचो आणि घ्यायचो.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘तुझी काकी मात्र रक्त दिलं असतं तर नक्की वाचली असती. दोन्ही खरं आहे.’ त्यांनी मला चहा पाजला आणि परत त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत.

सरकारला हे दिसत नव्हतं असंही नाही. २००१ च्या अखेरीस नियमांत दुरुस्ती झाली आणि ग्रामीण रुग्णालयांत ‘रक्त साठवण केंद्र’ काढायची सोय झाली. रक्त काढायचं नाही, मोठ्या पेढीकडून आणून फक्त फ्रिजमध्ये ठेवायचं, दोन ते सहा अंश तापमानात. कागदावर ही उत्तम योजना आहे. मात्र तो फ्रिज चोवीस तास चालू लागतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज चार-चार दिवस जाते. शिवाय पिशवी टिकते ३५ दिवस. आडगावच्या केंद्रात ए निगेटिव्हची पिशवी ३४ दिवस पडून राहते, आणि ३६ व्या दिवशी रुग्ण येतो. मग जबाबदार अधिकारी काय करतो? पिशवी मागवणं बंद करतो. साठ्याचा हा प्रश्न मी रोजच्या कामात वेगळ्या नावानं सोडवत असतो, त्यामुळे मला त्या अधिकाऱ्याचा राग येत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये राज्यभर ‘जीवन अमृत’ सेवा आली. १०४ नंबरला फोन करायचा आणि मोटारसायकलवाला थंड पेटीत रक्त घेऊन दवाखान्यात येणार. आधी सिंधुदुर्ग आणि आमचा सातारा या दोन जिल्ह्यांतच ती करून पाहिली होती. मला ही योजना मनापासून आवडते, कारण तिनं प्रथमच पेढीला रस्त्यावर आणलं. पण मर्यादा होती पेढीपासून ४० किलोमीटरची किंवा तासाभराच्या वाटेची. नकाशावर कराडला सुई टोचून मी वर्तुळ काढलं. आमचा दवाखाना थोडक्यात बाहेर राहिला. २०२२ मध्ये ती सेवाही बंद झाली.

आता सरकारच्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर कोणत्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते दिसतं. मी ते अधूनमधून उघडून बघतो. मे महिन्यात आकडे खाली जातात, कारण कॉलेजं बंद असतात. शिवजयंती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना ते फुगतात. अशा वाढदिवशी रक्त देणाऱ्याला हेल्मेट, डबा, भिंतीवरचं घड्याळ मिळतं. आमच्या घरात चालू स्थितीत तीन घड्याळं आहेत, तिन्ही आण्णांच्या रक्ताची. निकालानं विक्री बंद केली होती, हे आठवून मी एकदा त्यांना चिडवलं. ‘मग परत नेऊन देऊ का?’ म्हणाले.

गावचं शिबिर दर वर्षी तात्याच भरवतात. काकी गेल्यावर दोन वर्षं खंड पडला होता. तिसऱ्या वर्षी ते स्वतःच कराडला जाऊन तारीख घेऊन आले. का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. आमच्यात तसं विचारत नाहीत. आता वयामुळे त्यांचं रक्त घेत नाहीत. ते दारात उभं राहून पोरांना आत ढकलतात.

मागच्या गणपतीत मी गावी होतो. माझी चुलतबहीण, म्हणजे सुमो निघाली तेव्हा दवाखान्यात आजीच्या कुशीत राहिलेलं ते बाळ, आता तेवीस वर्षांची आहे. नर्सिंग करते. ती पहिल्यांदाच रक्त द्यायला उभी राहिली. तिचा थेंब निळ्या पाण्यात तरंगला. मशीनवर बघितलं तर १०.९. किमान १२.५ लागतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तेव्हा यात नवल काही नव्हतं. ती चिडली, मग नोंदणीच्या टेबलावर जाऊन बसली आणि दिवसभर बाकीच्यांचे फॉर्म भरत राहिली. माझ्या यादीत तिच्या नावापुढे लाल खूण झाली. यादी मी अजून चालवतो. पेढीवाल्यांना साठा कमी पडला की ते मला फोन करतात आणि मी पोरांना कराडला पाठवतो. आणीबाणीत तिचा उपयोग नाही हे मला आता माहीत आहे.

त्या दिवशी ६१ पिशव्या झाल्या. पाचच्या सुमारास माणसांनी थंड पेट्या गाडीत चढवल्या. तात्या शेजारी उभे राहून पेट्या मोजत होते. दार लागल्यावर ते पुढे ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि दर वर्षी विचारतात तेच विचारलं, ‘किती वेळ लागतोय आता कराडला?’

‘रस्ता केलाय नवा,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘सव्वा तास.’

तात्यांनी घड्याळात बघितलं आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.